बाळाची गोधडी पातळ, आजीची हलकी, जागलीची जाड: घरी गोधडी शिवायची ती अशी

मी पहिली गोधडी शिवली ती बहिणीच्या पोरासाठी, अन् ती सात थरांची होती. सात! जाड केली म्हणजे माया जास्त दिसते असं डोक्यात होतं. बहीण पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, श्रावणाची झड लागलेली, अन् ते लेकरू दिवसातून आठ-दहा वेळा ओलं करणारं. गोधडी एकदा धुतली की चार दिवस छपरीतल्या दोरीवर लोंबत राहायची, वरून कोरडी लागायची पण आतल्या थरांना कुबट वास. शेवटी आईनं ती उचलून बाहेरच्या खाटेवर टाकली अन् बाळाखाली आजीच्या जुन्या लुगड्याचा तुकडा चौघडी करून घातला. माझी महिन्याभराची मेहनत, अन् त्याच्यावर दुपारी गल्लीतलं कुत्रं झोपलेलं.

त्यानंतर बऱ्याच गोधड्या झाल्या, घरातल्या, नणदेच्या घरच्या, एक जागलीची (रात्री शेत राखायला जाणाऱ्याची). आता कोणी विचारलं की गोधडी शिकव तर मी आधी सुई हातात देत नाही, विचारते की झोपणार कोण, झोपणार कुठं अन् कोणत्या महिन्यात. ह्या तीन गोष्टी ठरल्या की कापड, थर, टाका सगळं आपोआप ठरतं. डिझाईन शेवटी येतं, मोबाईलवर फोटो पाहून आपण सगळ्या उलटीकडून सुरू करतो.

आपल्याकडचं विदर्भातलं हवामान तर माहीतच आहे. मे महिन्यात पारा ४५ च्या वर, अन् पूस महिन्यात पहाटे ८-१० वर येतो. बाळ मे मध्ये होणार असेल तर दोन थरांचं दुपटं बस, गोधडीची घाईच नाही. दिवाळीनंतर होणार असेल तर तीन थर, लय झाले तर चार. त्याच्यावर नाही. थंडी वाढली तर झबलं वाढवा, टोपडं घाला, आईच्या अंगाजवळ घ्या, पण गोधडी जाड करू नका.

आजीची गोधडी हलकी पाहिजे. म्हाताऱ्या माणसाला थंडी जास्त वाजते म्हणून आपण जाड करतो अन् मग त्यांना कूसही बदलता येत नाही. माझ्या सासूबाईंनी तर तोंडावरच सांगितलं होतं, "काहून वं माय, मले झाकतं का दाबतं?" त्यांच्यासाठी मऊ झालेल्या लुगड्यांचे तीन थर अन् जवळजवळ टाके. गरमपणा वजनात नसतो, थरांच्या मधे जी हवा अडकते तिच्यात असतो, म्हणून एका जाड चादरीपेक्षा तीन पातळ थर बरे.

जागलीची गोधडी हे वेगळंच प्रकरण. तूर-हरभऱ्याला रोही (नीलगाई) अन् रानडुकरं लागली की आमच्याकडे माणसं रात्री मळ्यावर जातात, माचीवर नाहीतर खाटेवर उघड्यात झोपतात, दव पडतं, वारं येतं. तिथं पाच-सहा थर, गडद रंग (माती लागणारच आहे), अन् लांबी जास्त, डोक्यावरून घेऊन पायाखाली खोचता आली पाहिजे. इथं मात्र जाडी पाहिजेच, जुनी सतरंजी मधे टाकली तरी चालते.

शाळेतल्या पोरांची चार बाय पाच फूट. त्यात काही शिकवण्यासारखं नाही.

कापड

सुती, सुती अन् सुतीच. घरातल्या जुन्या लुगड्यांचा गठ्ठा काढा, सासऱ्यांचं धोतर असेल तर सोन्याहून बरं. धोतर शेकडो वेळा धुतलेलं, मऊ, रंग जायची भीती नाही, बाळाच्या अंगाला लागणारा थर त्याचाच करा. मलमलचा दुपट्टा, जुनी सुती चादर, सुती उशीचे अभ्रे चालतात. आमच्याकडे जन्मलेल्या बाळाला नवीन कापड घालत नाहीत, जुनंच घालायचं अशी रीत आहे, अन् रीत सोडली तरी कारण सरळ आहे, नवीन कापडाला खळ असते, ते कडक लागतं. नवीनच घ्यायचं असेल तर नागपूरला गांधीबागेत कापडाची ठोक बाजारपेठ आहे, मलमल, केंब्रिक सगळं मिळतं, पण आणल्यावर दोन-तीनदा धुतल्याशिवाय हात लावू नका.

सुती आहे की नाही हे दुकानदाराला विचारू नका. मी एकदा एका दुकानातून "शंभर टक्के कॉटन" म्हणून तीन मीटर आणलं, घरी येऊन धागा जाळला तर टणक काळा मणी झाला. ही परीक्षा सगळ्यात सोपी: कापडाच्या कडेचा एक धागा ओढा, चिमट्यात धरून काडी लावा. सुती असेल तर कागदासारखा जळतो, जळक्या कागदाचा वास येतो अन् राख बोटात चुरते. पॉलिस्टर असेल तर आक्रसतो, वितळतो अन् गार झाल्यावर मणी राहतो. असल्या साड्या घरात लय असतात, लग्नात आहेर म्हणून आलेल्या, त्यांचा मोह होतो कारण रंग भारी असतात, पण त्या ना घाम पितात ना शू. बाळाला तर नकोच. जागलीच्या गोधडीत वरून एक थर टाकला तर चालतो, दव लवकर आत जात नाही.

रंग जातो का तेही आताच बघा. लाल, मरून, गडद निळा ह्यांच्यावर भरवसा ठेवू नका. पांढरा फडका ओला करून कापडावर जोरात घासा, फडक्याला रंग लागला तर ते कापड बाळाच्या गोधडीत घालायचं नाही. मिठाच्या पाण्यात भिजवलं की रंग पक्का होतो म्हणतात, मी केलं, काही फरक पडला नाही, उलट एका गोधडीचं पांढरं धोतर गुलाबी झालं.

अन् हो, लोक विचारतात की तुम्ही तर कापूसवाले, घरात कापसाची गंजी लागलेली असते, मग गोधडीत कापूस काहून नाही भरत. कारण वेचून आणलेल्या कापसात सरकी असते, क्विंटलभर कापसातून रुई निघते साधारण ३३ ते ३५ किलो, बाकी बहुतेक सरकीच. ती जिनिंगमध्ये काढावी लागते, मग पिंजाऱ्याकडून पिंजून घ्यावी लागते, तेव्हा कुठं ती रजईत नाहीतर गादीत भरता येते. अन् रजई धुता येत नाही, पाणी लागलं की आत गोळे होतात. बाळाच्या अंथरुणाला धुता न येणारी वस्तू काय कामाची? गोधडी म्हणजे थरावर थर, धुवा, पिळा, वाळवा. रजई पाहुण्यांसाठी ठेवा.

किती साड्या लागतील

हा हिशोब मला कोणी सांगितला नव्हता, दोन साड्या वाया घालवून शिकले, म्हणून जरा नीट लिहिते.

साधी साडी साडेपाच मीटर, म्हणजे १८ फूट, म्हणजे २१६ इंच. पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, साधारण ४५ इंच. नऊवारी लुगडं ९ वार, म्हणजे २७ फूट.

बाळाची गोधडी ३० बाय ४० इंच धरा. साडीचे दोन्ही काठ अडीच-अडीच इंच रुंदीचे फाडून बाजूला ठेवले की पन्हा उरतो ४० इंच. आता लांबीवर ३०-३० इंचाचे तुकडे करा, सात तुकडे निघतात अन् सहा इंच उरतं. जुन्या साडीचा एखादा तुकडा विरलेला असतोच, तो सोडला तरी सहा. म्हणजे एका साडीत तीन थरांच्या दोन गोधड्या, एक वापरात अन् एक दोरीवर. जे काठ बाजूला ठेवले ते गोट (कडेची पट्टी) लावायला, त्याची लांबी २१६ इंच अन् गोधडीचा घेर १४०, कोपऱ्यांसकट १५० धरा, एका काठात एक गोधडी आरामात होते.

मोठ्या माणसाची पाच बाय सात फूट. इथं बहुतेक जणी साडी लांबीत सात फुटांवर कापतात अन् मग चार फूट वाया जातं. तसं करू नका, पाच-पाच फुटांचे तुकडे करा. १८ फुटांत तीन तुकडे अन् तीन फूट उरतं, प्रत्येक तुकडा पावणेचार फूट रुंद. असे दोन तुकडे बाजू-बाजूला जोडले की साडेसात फूट लांब अन् पाच फूट रुंद असा एक थर झाला. म्हणजे एका साडीत दीड थर, दोन साड्यांत तीन थर, आजीची गोधडी झाली. नऊवारीत पाच तुकडे निघतात, म्हणून दोन लुगड्यांत पाच थर, जागलीची झाली. उरलेले दोन-तीन फूट पदर ठिगळांसाठी ठेवा.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, सगळ्या थरांचे जोड बरोबर मधे आले तर तिथं काठीसारखी उभार रेघ होते, अन् ती पाठीला टोचते. म्हणून मधल्या थरात एक पूर्ण तुकडा मधोमध अन् दोन्ही बाजूला अर्धा-अर्धा लावायचा. जोड सरकले की रेघ होत नाही. आतल्या थरात जोड शिवायचीही गरज नाही, दोन बोटं एकमेकांवर चढवून टाचून घेतलं तरी चालतं.

तुकडे कात्रीनं कापू नका, फाडा. कडेला कात्रीनं छोटी खाच द्या अन् दोन्ही हातांनी ओढा, सुती कापड धाग्याच्या रेषेतच फाटतं, सरळ जातं. कात्रीनं कितीही सांभाळलं तरी तिरकं होतं अन् मग तीन थर एकमेकांवर बसतच नाहीत. फाडताना विरलेली जागा पण लगेच कळते, तिथं कापड आवाज न करताच फाटतं.

वरचा थर, ठिगळांचा

बाळाला वरचा थर साधा ठेवला तरी चालतो, पण बायकांना तिथंच मजा येते, मला पण येते. अवघड डिझाईन घेऊ नका. पाच इंचांचे चौकोन, आडवे सहा अन् उभे आठ, एकूण ४८. प्रत्येक चौकोन कापायचा मात्र सहा इंचांचा, चारी बाजूंनी अर्धा-अर्धा इंच शिवणीत जातो. जुन्या लग्नपत्रिकेचा जाड पुठ्ठा घ्या, सहा इंचाचा चौकोन कापून त्याच्यावरून खडूनं आखा, म्हणजे सगळे सारखे येतात. जमिनीवर मांडून बघा, एका रंगाचे दोन शेजारी येत असतील तर बदला, लांब उभं राहून बघा, मोबाईलमध्ये फोटो काढून बघितलं तर चूक लवकर दिसते. मग एक-एक आडवी रांग जोडा, आठ रांगा झाल्या की रांगा एकमेकींना जोडा. शिवणी गडद कापडाकडे दुमडून इस्त्री मारा, नाहीतर फिक्या चौकोनातून काळी पट्टी दिसते.

हे जोडकाम मशीनवर केलं तर चालतं, मी मशीनवरच करते. लोकांना वाटतं हातानं केलं तरच खरं, पण ४८ चौकोन हातानं जोडण्यात जो वेळ जातो तो टाक्यांत घाला.

ठिगळात घरच्यांचे कपडे टाकता येतात. माझ्या भाच्याच्या दुसऱ्या गोधडीत (पातळ केली होती ह्यावेळी) एक चौकोन आजीच्या लुगड्याचा, एक बहिणीच्या शाळेच्या निळ्या ओढणीचा, एक बाबांच्या चट्ट्यापट्ट्याच्या सदऱ्याचा होता. तो आता सहा वर्षांचा आहे अन् त्या सदऱ्याच्या चौकोनाला "आबाची खिडकी" म्हणतो, का म्हणतो कोणाला माहीत नाही.

टिकल्या, आरसे, मोती, लेस, गोंडे हे काही बाळाच्या गोधडीवर लावू नका. तोंडात जातं. जरीचं काम पण नको, अंगाला घासतं.

थर मांडणं अन् टाचणं

गोधडी बिघडते ती इथं, शिवताना नाही. सारवलेलं आंगन असेल तर आदल्या दिवशीच सारवून वाळू द्या, नाहीतर फरशीवर सतरंजी टाका. दुपारी वारं असतं, सकाळी मांडा. सगळ्यात खालचा थर, जो पाठीमागून दिसणार, तो उलटा टाका, चारी कोपऱ्यांवर वजन ठेवा, मी विटा ठेवते, वरवंटा पण चालतो. हात ओला करून मधून कडेकडे फिरवा, एकही सुरकुती नको. मग मधले थर, प्रत्येक थरावर तसाच हात फिरवायचा. शेवटी वरचा थर सुलटा. वरचा थर खालच्यांपेक्षा बोटभर लहान आला तर घाबरू नका, कडा शेवटी कापायच्याच आहेत.

आता लांब-लांब कच्चे टाके, चार-पाच बोटांचे, पांढरा साधा दोरा. सुरुवात बरोबर मधून करायची अन् कडेपर्यंत जायचं, मग परत मधून दुसऱ्या बाजूला, अशी आधी अधिकाची खूण, मग तिरकी, मग मधल्या जागा. कडेकडून सुरुवात केली की सगळी ढील मधे गोळा होते अन् तिथं पोट येतं, ते पोट नंतर कशानंच जात नाही.

काही जणी कच्च्या टाक्यांऐवजी सेफ्टीपिना लावतात. लवकर होतं, पण मोजून लावा अन् मोजून काढा. मी एकदा १४ लावल्या अन् काढल्या तेव्हा हातात १३. सगळं आंगन झाडलं, गठ्ठा झटकला, पोरांना विचारलं, नाही. रात्री कंदिलासारखा मोबाईल धरून गोधडी बोटांनी इंच-इंच दाबत गेले, शेवटी दुसऱ्या अन् तिसऱ्या थराच्या मधे सापडली, उघडी. पिन लावताना ती खालच्या थरापर्यंत गेलीच नव्हती अन् वरून टाका पडून गेला होता. चार दिवसांनी ती गोधडी बाळाखाली जाणार होती. तेव्हापासून बाळाच्या गोधडीला मी पिना लावत नाही.

टाका

दोरा सुतीच घ्या, जरा जाड. पॉलिस्टरचा दोरा मजबूत असतो पण जुन्या मऊ कापडाला कापत जातो, दोन वर्षांनी दोरा तसाच अन् कापडाला भोकं. सुई लांब, बारीक अन् मोठ्या नेढ्याची. पोत्याचं दाभण वापरू नका, त्याची भोकं भरत नाहीत. दोरा मेणाच्या तुकड्यावरून एकदा ओढून घ्या, गुंता होत नाही. लांबी दीड हात, बस. लांब दोरा घेतला की सुईत ओवायचा त्रास वाचतो असं वाटतं, पण प्रत्येक टाक्याला पूर्ण हात लांबवावा लागतो, गाठी पडतात, अन् शेवटी शेवटी तो दोरा घासून विरतो.

मधल्या बोटात अंगुस्तान (सुई टोचू नये म्हणून घालायची टोपी) घाला. पहिल्या दिवशी अडचण वाटते, तिसऱ्या दिवशी त्याच्याशिवाय बसवत नाही.

टाका साधा धावदोराच. पण हाताची पद्धत सांगते, कारण ती फोटोत दिसत नाही. डावा हात गोधडीच्या खाली ठेवायचा, सुईचं टोक खाली बोटाला लागलं की लगेच वर वळवायचं. म्हणजे सुई खालच्या थरापर्यंत गेली याची खात्री बोटच देतं. सुईवर तीन-चार टाके घ्या, मग एकदम ओढा. ओढताना कापड आक्रसलं नाही पाहिजे, दोरा फक्त टेकला पाहिजे. धुतल्यावर गोधडी थोडी आक्रसते अन् ते बारीक सुरकुत्यांचं पाणी पडतं, तेच गोधडीचं रूप, ते आपण ओढून आणायचं नसतं.

तीन थरांत इंचाला चार-पाच टाके येतात. सहा थरांत तीन आले तरी लय झालं. गाठ वर दिसू देऊ नका: गाठ मारून सुई वरच्या थरातून घाला, हलका झटका द्या, गाठ टुक्कन आत जाते. हा टुक्कन आवाज आला की समजा बरोबर झालं.

रेषा दोन पद्धतीनं मारतात. एक, सरळ उभ्या रेषा, एक-एक इंचावर. दोन, कडेपासून सुरू करून चौकोनी फेरे घेत आत-आत मधापर्यंत यायचं, आमच्याकडच्या जुन्या बायका अशीच करतात. फेऱ्यांची गोधडी मला जास्त आवडते, पण पहिल्यांदा करणाऱ्यांनी सरळ रेषाच कराव्या, कारण फेऱ्यात आत येता येता ढील पण मधे येते, टाचण पक्कं नसेल तर पोट येणार. रेषा आखायला शाळेचा खडू, नाहीतर दोरीला खडू लावून दोन्हीकडून ताणायची अन् मधे टिचकी मारायची, सुतार करतो तशी.

दोरा किती लागेल? बाळाच्या गोधडीत इंचावर रेषा म्हणजे ३० रेषा, प्रत्येक ४० इंच, १२०० इंच, म्हणजे ३० मीटर, टाक्याच्या चढ-उतारासाठी पाव भाग वाढवा, गाठींसकट ४० मीटर धरा. मोठ्या गोधडीला असाच हिशोब केला तर १६० ते १८० मीटर. सगळा दोरा एकदमच आणा, नंतर त्याच रंगाचा मिळत नाही. दुपारी दोन तास बसलं तर बाळाची गोधडी आठवड्यात होते, मोठीला एकटीला महिना लागतो. दोघी-तिघी समोरासमोर बसल्या तर दहा-बारा दिवस. पण त्यात एक गंमत आहे, प्रत्येकीचा टाका वेगळा पडतो. आमच्या मोठ्या जाऊबाईंचा टाका तांदळासारखा, माझा हरभऱ्यासारखा, घरातली कोणतीही गोधडी उचलली की कोणत्या बाजूला कोण बसलं होतं ते सांगता येतं.

मशीनवर टाका मारायचा का? तीन थरांपर्यंत चालतो, टाका लांब ठेवा अन् सुई १६ नंबरची लावा. मोठी गोधडी मात्र शिलाई मशीनच्या गळ्यातून जातच नाही, गुंडाळून घालावी लागते अन् वरचा थर सरकतो. शिवाय मशीनचा घट्ट टाका कापड कडक करतो. जागलीच्या गोधडीला मशीन ठीक, बाळाला हातच.

गोट

टाके संपले की कच्चे टाके उसवा, चारी कडा पट्टी ठेवून सरळ कापा. फाडून ठेवलेला काठ घ्या, आधी तो आपल्या गालावर घासून बघा, टोचला तर बाळाच्या गोधडीला लावू नका, साध्या कापडाची अडीच इंचाची पट्टी फाडा. पट्टी सुलट बाजूवर उलटी ठेवून कडेपासून अर्धा इंच आत शिवा, कोपऱ्यावर अर्धा इंच आधी थांबा, पट्टी वर दुमडा, मग दुसऱ्या बाजूला खाली आणा, तिथं एक छोटं तिकोनी घडीचं कान तयार होतं, ते तसंच राहू द्या. सगळीकडून झालं की पट्टी मागे वळवा, कडा आत दुमडा अन् हातानं आडव्या बारीक टाक्यांनी बसवा. ते कान मागे वळवताना आपोआप तिरकी घडी होऊन बसतं. मोठ्या गोधडीला घेर २४ फूट आहे, म्हणून वेगळ्या एखाद्या साडीचे दोन्ही काठ जोडून लागतील.

धुणं, वापर अन् ठेवणं

बाळ यायच्या आधी गोधडी एकदा कोमट पाण्यात, साध्या साबणानं धुवा, साबणाचा शेवटचा बुळबुळीतपणा जाईपर्यंत खंगाळा, अन् दोन्ही बाजूंनी कडक उन्हात वाळवा. मोठी गोधडी ओली झाली की एकटीला उचलत नाही, दोघींनी दोन टोकं धरून पिळायची. दोरीपेक्षा खाटेवर पसरून वाळवली तर आकार बिघडत नाही.

आता एक महत्त्वाचं. बाळाची गोधडी खाली अंथरायला, मांडीवर घ्यायला, मालिशीच्या वेळी खाली टाकायला. पहिल्या वर्षात झोपलेल्या बाळाच्या अंगावर मोकळी गोधडी टाकू नका, ती तोंडावर सरकली तर बाळाला बाजूला करता येत नाही. उताणं झोपवा, खाली घट्ट सपाट अंथरूण, भोवती उशा-गोधड्यांचे ढीग नको. पाळण्यात चार घड्या घालून मऊ गादी करायची सवय आहे आपल्याला, ती पण सोडा. बाळंतपणानंतर तिसऱ्या, सातव्या दिवशी आशाताई घरी येतात, आमच्या आशाताईंनी बहिणीला दाखवलं होतं: हात बाळाच्या पोटाला लावायचा अन् तळपायाला लावायचा, पोट गरम अन् पाय गार लागले तर थंडी वाजते आहे, मानेमागे घाम असेल तर जास्त झाकलं आहे. आजूबाजूच्या चार बायका काय म्हणतात त्यापेक्षा हे बरं.

पेटीत ठेवताना पूर्ण वाळलेली ठेवा, मधे वाळलेला कडुनिंबाचा पाला फडक्यात बांधून. डांबरगोळ्या बाळाच्या कपड्यांत ठेवू नका. ज्या बाळांना जी-सिक्स-पीडी नावाच्या घटकाची कमतरता असते त्यांच्या रक्तातल्या लाल पेशी ह्या गोळ्यांच्या वाफेनंही फुटू शकतात, कावीळ वाढते, अन् कोणत्या बाळाला कमतरता आहे हे जन्मल्या-जन्मल्या आपल्याला कुठं माहीत असतं.

गोधडी फाटली की फेकू नका. आधी वरच्या थरावर ठिगळ, मग गोट बदलायचा, अन् सगळंच विरलं की ती अख्खीच्या अख्खी नव्या गोधडीचा मधला थर करायची. सासूबाईंच्या जागलीच्या गोधडीच्या आत अशी एक जुनी आहे, अन् तिच्या आत अजून एक असावी, उसवून बघायची माझी हिंमत झाली नाही. सध्या पुतणीसाठी दोन चालू आहेत, बाळ माघात येणार आहे, तीन-तीन थरांच्या. एकीचा गोट राहिलाय.